लाल टोपी आणि साठ युनिट्स

पत्र, थोडं आटोपशीर करून:

"ताई, आम्ही कॅलिफोर्नियात, ईस्ट बेला राहतो. मुलगी सई (नाव बदललंय) इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला आहे. वॉटर पोलो खेळते, गोलकीपर आहे. गेल्या शनिवारी स्पर्धा संपल्यावर एका मोठ्या विद्यापीठाच्या कोच बाई तिच्याशी दहा मिनिटं बोलल्या. 'आम्हाला तू हवी आहेस,' म्हणाल्या. तेव्हापासून पोरीचे पाय जमिनीवर नाहीत. स्टॅटिस्टिक्सचा वर्ग सोडते म्हणते, सकाळच्या सरावाला आड येतो म्हणून. बाकी विद्यापीठांचे अर्ज कशाला, कोच बघून घेतील, असं तिचं म्हणणं. तिच्या बाबांचं म्हणणं उलट: पोलो सोड आणि अभ्यासाला लाग. आणि सांगलीला सासूबाईंना आम्ही अजून सांगितलेलंच नाही की ती कम्युनिटी कॉलेजात आहे. कोचच्या शब्दावर किती विसंबायचं? आणि आता नेमकं करायचं काय?"

सईच्या आई,

तातडीचं आधी सांगते, बाकीचं चहा घेत वाचा. स्टॅटिस्टिक्स सोडू द्यायचं नाही.

तुम्ही पत्रासोबत तिच्या विषयांच्या यादीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, कारण पत्रात नाही ते त्या फोटोत आहे. या सत्रात तिचे १३ युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, आहेत. स्टॅटिस्टिक्सचे ४, मानसशास्त्राचे ३, इंग्रजीचे ३ आणि वॉटर पोलोचेच ३. स्टॅटिस्टिक्स काढलं की उरले ९. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांची क्रीडा संघटना हंगाम चालू असताना खेळाडूकडे किमान १२ युनिट्स मागते. म्हणजे सरावासाठी वर्ग सोडला की त्याच दिवसापासून सामन्याला मुकली. मोठ्या विद्यापीठाचं राहू द्या, आजचा संघच हातून गेला!

बाबांनाही हेच गणित दाखवा. पोलो सोडलं तर त्याचे ३ जातात आणि राहतात १०. तेवढ्यावर ती पूर्णवेळ विद्यार्थिनी राहत नाही. दोघांची भांडणं वेगळी, पण खड्डा एकच.

शिवाय हा एकच वर्ग आणखी दोन-तीन ठिकाणी मोजला जातो. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, कुठल्याही कॅम्पसला ट्रान्सफर व्हायचं, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, तर किमान सात विषयांचा साचा पूर्ण लागतो. दोन इंग्रजी लेखनाचे, एक गणिताचा आणि चार इतर शाखांतले. सईच्या यादीत गणिताच्या घरात बसणारा हा एकच विषय दिसतोय. मानसशास्त्राच्या पदवीसाठी यूसीचे बहुतेक कॅम्पस स्टॅटिस्टिक्स मागतातच. कुठला कॅम्पस काय मागतो ते 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकलं की समोर येतं. आणि एनसीएए, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांची देशभरची संस्था, काही मुलांकडून गणिताचे ३ युनिट्स वेगळे मागते. त्याकडे पुढे येते.

वेळच अडत असेल तर काउन्सेलरला विचारा की 'लेट स्टार्ट' म्हणतात तसा उशिरा सुरू होणारा किंवा ऑनलाइन सेक्शन उघडा आहे का. पण नवा हातात आल्याशिवाय जुना सोडायचा नाही.

आता कोच बाईंचं. त्या खोटं बोलल्या असतील असं मला वाटत नाही. त्यांच्या हातात जे आहे तेवढं त्या बोलल्या. संघात कोण हवं हे त्या ठरवतात, विद्यापीठात कोण येणार हे ॲडमिशन ऑफिस ठरवतं, आणि ती दोन ऑफिसं एका इमारतीतसुद्धा नसतात. कोच नावांची शिफारस करतात, त्या शिफारशीला वजन असतं, कधीकधी भरपूर असतं. तरी ते वजन तराजूच्या एका पारड्यात पडतं. दुसऱ्यात ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा कागद, असतं.

२०१९ च्या मार्चमध्ये जे प्रकरण बाहेर आलं ते तुम्ही वाचलं असेल. पैसे घेऊन श्रीमंतांच्या पोरांना 'खेळाडू' म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसवलं होतं, कधी पाण्यात न उतरलेल्यांचे पाण्यातले फोटो बनवले होते. आरोप झालेल्यांत वॉटर पोलोचेही एक कोच होते. तेव्हापासून 'कोच म्हणाले' एवढ्यावर ॲडमिशन ऑफिस हलत नाही, आणि हलू नयेच. यूसीत किमान अटींत न बसणाऱ्यांना अपवाद म्हणून घेण्याची सोय आहे, त्यातून खेळाडूही येतात. पण धोरणाने तिला नव्या विद्यार्थ्यांच्या ६ टक्क्यांची वेस घातलेली आहे. त्या फटीवर मुलीचं वर्ष लावू नका.

मी वीसेक वर्षं अशाच एका कम्युनिटी कॉलेजात काउन्सेलर होते. एक पोहणारा मुलगा होता, बटरफ्लाय. कोचचा फोन आला होता, आईवडिलांना कॅम्पस दाखवून झाला होता, विद्यापीठाचा टी-शर्ट घालून तो माझ्यासमोर बसायचा. गणिताचा एक विषय राहिला होता, तो 'उन्हाळ्यात करतो' म्हणाला. मी एकदा टोकलं, दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा टोकायला हवं होतं. उन्हाळ्यातलं गणित धरलं जात नाही, जे काही ते मे-जूनच्या सत्राअखेर पूर्ण व्हावं लागतं. एप्रिलमध्ये नकार आला. कोचनी फोनवर मनापासून हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलाला बोलावलं. मला अजून तो टी-शर्ट आठवतो, निळा, छातीवर अक्षरं.

आपल्याकडे म्हणतात ना, बाजारात तुरी! सईच्या तुरी अजून बाजारातच आहेत.

तर पुन्हा त्या फोटोकडे. सई म्हणते साठ होतील. मीही पेन्सिल घेऊन बेरीज केली. मागचे ३४, आत्ताचे १३, पुढच्या सत्राचे १३, झाले ६०. बरोबर. ट्रान्सफरला ६० च लागतात. पण त्यात पोलोचे मागच्या वर्षीचे ३, आत्ताचे ३ आणि मधल्या सत्रात पोहण्याच्या कंडिशनिंगचे २, असे ८ युनिट्स शारीरिक शिक्षणाचे आहेत. यूसी त्यातले फक्त ४ धरते. म्हणजे हिशेब ५६ वर थांबतो, चार कमी. ही चूक खेळाडू मुलांच्या यादीत मी इतक्यांदा पाहिलीय की आता डोळे आपोआप तिकडेच जातात. कॉलेजच्या कागदावर ६० दिसतात, मुलं निश्चिंत असतात. उपाय सोपा आहे, पण आत्ता सोपा आहे. जानेवारीतल्या छोट्या सत्रात किंवा पुढच्या सत्रात एक जास्तीचा विषय घ्यायचा, चार युनिट्सचा, पाण्याबाहेरचा.

तिचा जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, ३.४ आहे. एनसीएए ट्रान्सफरला २.५ मागते, यूसी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना किमान २.४. या दोन्ही उंबऱ्यांवरून ती आरामात पुढे जाते. पण उंबरा ओलांडला म्हणजे माजघरात पोचलो असं नाही. यूसीच्या बर्कली किंवा लॉस एंजेलिस (यूसीएलए) कॅम्पसला निवडल्या जाणाऱ्या ट्रान्सफर मुलांचा जीपीए सर्वसाधारणपणे साडेतीनच्या वर असतो. इथे कोचची शिफारस कामाला येऊ शकते. पण ती ३.४ ला हात देते, रिकाम्या रकान्याला नाही.

एनसीएएचा मुद्दा. खेळाडूंची पात्रता तपासणाऱ्या त्यांच्या 'एलिजिबिलिटी सेंटर'मध्ये सईने खातं उघडलंय का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून मी नाही असं धरते. तिथे पहिला प्रश्न हायस्कूलचा असतो. १६ ठरावीक विषय आणि त्यांत २.३ जीपीए असेल तर ती 'क्वालिफायर'. एसएटी या प्रवेशपरीक्षेची अट २०२३ मध्ये गेली. क्वालिफायरला अटी सौम्य: कम्युनिटी कॉलेजात किमान एक पूर्ण सत्र, सत्राला सरासरी १२ ट्रान्सफरयोग्य युनिट्स आणि २.५ जीपीए. क्वालिफायर नसेल तर कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन निघावं लागतं, तीन पूर्णवेळ सत्रं, ४८ ट्रान्सफरयोग्य युनिट्स, आणि त्यांत इंग्रजीचे ६, विज्ञानाचे ३, गणिताचे ३. तेच ते स्टॅटिस्टिक्स.

हायस्कूलचा कागद किती उपयोगी पडतो याचं माझं आवडतं उदाहरण ॲरन रॉजर्स. अमेरिकन फुटबॉलमध्ये तुम्हाला रस नसला तरी नाव कानावर असेल. हायस्कूलनंतर त्याला कुणी मोठ्यांनी विचारलं नाही, म्हणून तो उत्तर कॅलिफोर्नियातल्या ब्यूट कॉलेजात गेला. २००२ च्या हंगामात बर्कलीचे कोच तिथे आले ते दुसऱ्याच एका खेळाडूला बघायला, आणि नजर गेली रॉजर्सवर. नशीब म्हणा. पण २००३ मध्ये, दोनाऐवजी एकाच वर्षात, तो बर्कलीला जाऊ शकला ते हायस्कूलचे गुण चांगले होते म्हणून. कोचची नजर पडायला नशीब लागलं, जायला मार्कशीट.

एनसीएएची आणखी एक अट सगळ्यांना आहे आणि तिच्यात चांगली चांगली मुलं अडकतात. तिसऱ्या वर्षात जाताना, ज्या पदवीसाठी प्रवेश घेतलाय तिच्या ४० टक्के भाग झालेला असावा लागतो. १२० युनिट्सच्या पदवीचे ४८. 'त्या' पदवीचे, कुठलेही ४८ नाहीत. म्हणून सईला एप्रिलमध्ये अचानक मानसशास्त्राऐवजी जीवशास्त्र आवडायला लागलं तर मला लगेच फोन करा.

आता करायचं काय. कोच बाईंना ईमेल जाऊ दे, पण तो सई लिहील. तुम्ही नाही, बाबा तर नाहीच. कोच मंडळी आईबापांच्या ईमेलवरून घराचा अंदाज बांधतात आणि तो फारसा चांगला नसतो. ईमेलला ट्रान्सक्रिप्ट जोडायचं आणि साध्या भाषेत विचारायचं: माझं ट्रान्सक्रिप्ट तुमच्या ॲडमिशन ऑफिसने किंवा क्रीडा विभागाच्या अकॅडमिक ॲडव्हायझरने पाहिलंय का? नसेल तर कधी पाहतील? मी कुठले विषय घ्यावेत असं त्यांचं म्हणणं आहे? याला नावानिशी, तारखेनिशी उत्तर आलं तर कोच बाई खरंच कामाला लागल्यात. 'काळजी करू नकोस, वी लव्ह यू' एवढंच आलं तर प्रेम आहे, प्रवेश नाही.

दुसरा प्रश्न गोलकीपरचा, आणि हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाण्यात सात जणी उतरतात, त्यांतली एकच लाल टोपीवाली. बाकीच्या जागांवर आलटून पालटून पाच-सहा जणींना खेळवता येतं, गोलवर तसं होत नाही. संघात दोन-तीन गोलकीपर असतात आणि त्यांतली एक खेळते. म्हणून त्या विद्यापीठाच्या संघाचं पान उघडून बसा. प्रत्येकीच्या नावापुढे ती कितव्या वर्षाला आहे ते लिहिलेलं असतं. पहिल्या पसंतीची गोलकीपर शेवटच्या वर्षाला असेल तर सईला बोलावण्यात अर्थ आहे. ती दुसऱ्या वर्षाला असेल, तर सई दोन वर्षं काठावर बसून टाळ्या वाजवणार का, हे सईने आत्ताच ठरवावं. काहींना तेही चालतं, पदवी त्या विद्यापीठाची मिळते म्हणून. मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण माहीत असून चालणं वेगळं.

त्यात आणखी मेख आहे. चार वर्षांच्या विद्यापीठांतले खेळाडू विद्यापीठ बदलायला ज्या 'ट्रान्सफर पोर्टल'मध्ये नाव घालतात, ते सईसाठी नाही. कम्युनिटी कॉलेजातल्या मुलीला त्याची गरजच नसते. पण त्याच पोर्टलमधून कोच बाईंना एखादी तयार, अनुभवी गोलकीपर मिळू शकते. विद्यापीठांचा महिला वॉटर पोलोचा हंगाम जानेवारी ते मे असतो. म्हणजे आज सप्टेंबरात त्यांना सई हवी आहे, मेमध्ये त्यांच्यासमोर वेगळीच यादी असेल.

पैशाचं तिसरं विचारायचं. पूर्वी 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' नावाचा खेळाडू आणि विद्यापीठ यांच्यातल्या बांधिलकीचा कागद असायचा, तो २०२४ मध्ये बंद झाला. आता लेखी म्हणजे आर्थिक मदतीचा करार, आणि तोही प्रवेश मिळाला तरच. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने एनसीएए आणि खेळाडू यांच्यातल्या एका मोठ्या समझोत्याला मंजुरी दिली. त्यानंतर तो स्वीकारलेल्या विद्यापीठांत किती शिष्यवृत्त्या द्यायच्या यावरची वेस गेली आणि त्याऐवजी संघात किती जण ठेवायचे यावर आली. पूर्वी 'शिष्यवृत्ती नाही, पण ये, संघात राहा' असं सहज म्हणता यायचं. आता संघातली जागा हीच मोजून मिळते. म्हणून विचारायचं: मला शिष्यवृत्ती देताय, की फक्त जागा, की चाचणीला बोलावताय?

विचारायला संकोच वाटेल. आपल्या मुलींना वाटतोच. मोठ्या माणसाला असं थेट कसं विचारायचं! तिला सांगा, इथे न विचारणाऱ्यालाच कच्चं समजतात.

दुसरीकडे, बाकीचे अर्ज. महिला वॉटर पोलो यूसीच्या या कॅम्पसना तरी आहे: बर्कली, यूसीएलए, डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा आणि सॅन डिएगो. यांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन आणि सांता बार्बरा 'टॅग' देतात, म्हणजे ठरलेले विषय आणि जीपीए पुरे केले तर प्रवेशाची लेखी हमी. काही शाखा वगळलेल्या असतात, ते बघून घ्या. टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो आणि मुदत ३० सप्टेंबरला संपते. म्हणजे हे वाचताय त्या आठवड्यातच बसा. टॅग भरला म्हणून तिथे जावंच लागतं असं नाही, इतर कॅम्पसना अर्ज करायची आडकाठी नाही. ही गाजराची पुंगी आहे, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. आणि त्या कॅम्पसच्या पोलो कोचना सईने आजच ईमेल टाकावा. एका कोचने विचारलंय हे त्यांना कळलेलं चालतं.

मुख्य अर्ज ऑक्टोबरपासून पाठवता येतो आणि नोव्हेंबरअखेर बंद होतो. कम्युनिटी कॉलेजांत मुलींचा पोलो हंगाम विद्यापीठांसारखा वसंतात नसतो, तो याच दिवसांत असतो; राज्य स्पर्धेचा जोर आणि अर्जाची घाई एकमेकांच्या डोक्यावर येतात. त्यामुळे अर्जातली चार उत्तरं, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची, ऑक्टोबरातच लिहून काढायची. त्यांत 'खेळाने मला शिस्त शिकवली' असलं वाक्य दिसलं तर माझ्या नावाने खोडा. तेच हजारो मुलं लिहितात. गोलकीपर समोरच्या मुलीचा खांदा बघून चेंडू कुठे येणार ते ओळखते, आणि मानसशास्त्राला जाणारी मुलगी ते कसं ओळखते हे लिहू शकते. हे दुसरं कुणी लिहिणार नाही. एक उत्तर तर निवडलेल्या विषयाची तयारी कशी केलीत यावर सक्तीचं असतंच. जानेवारीत या सत्राचे गुण अर्जात भरायचे असतात, ते विसरून चालत नाही. उत्तरं एप्रिलअखेरपर्यंत येतात.

राहिल्या सासूबाई. तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. इथल्या कम्युनिटी कॉलेजला कुणी जुन्या सवयीने 'ज्युनियर कॉलेज' म्हटलं की सांगलीत ऐकू येतं, पोरगी दोन वर्षं मागे पडली! त्यांना नीट सांगा की ही पदवीची पहिली दोन वर्षंच आहेत. युनिटला ४६ डॉलर फी, म्हणजे साठ युनिट्सचे २,७६० डॉलर, आणि पुढची दोन वर्षं त्याच वर्गांत बसायचं जिथे बाकीचे चार वर्षांची फी भरून बसलेत. पदवीच्या कागदावर वेगळं काही छापत नाहीत. जॅकी रॉबिन्सन पासाडिनाच्या ज्युनियर कॉलेजातून १९३९ मध्ये यूसीएलएला गेला आणि चार खेळांत विद्यापीठाकडून खेळला. कृष्णवर्णीयांना बंद असलेल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये उतरून त्याने इतिहास बदलला तो नंतर, १९४७ मध्ये. हे सासूबाईंना सांगून उपयोग नाही, पण तुम्हाला उपयोग होईल.

सासूबाईंना वेगळं सांगा. कृष्णेच्या काठावर आयुष्य गेलंय त्यांचं. आयर्विन पुलावरून पुराच्या पाण्यात उड्या टाकणारी पोरं त्यांनी पाहिली असतील. नात खोल पाण्यात, तळाला पाय न टेकवता, आठ-आठ मिनिटांचे चार डाव नुसते पाय फिरवत कमरेपर्यंत वर उभी राहते आणि अंगावर येणारा चेंडू हाताने अडवते, हे त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवा. कॉलेजचं नाव नंतर विचारतील.

सोमवारी काउन्सेलरची वेळ घ्या. सईला एकटीलाच जाऊ दे, त्या छप्पन्नच्या हिशेबाचा कागद बरोबर देऊन. आणि कोच बाईंचं उत्तर आलं की मला कळवा, विशेषतः त्यांच्याकडे पुढच्या वर्षी लाल टोप्या किती उरतात ते.